नेच्याच्या पानांखाली तपकिरी थर: तांबेऱ्याची बुरशी आहे का?

गच्चीवरची_बाग:
अक्रोस्टिकम ऑरियम, खाडीकाठी दिसतो तो मोठा नेचा. पुण्यात गच्चीवर १४ इंची कुंडीत आहे, दुपारी २ ते ५ पश्चिमेचं ऊन. पानं साडेचार फुटांची. त्यातल्या दोन पानांच्या फक्त शेंड्याकडच्या दलांच्या (पान ज्या छोट्या पात्यांचं बनतं त्यांच्या) चार-पाच जोड्यांखाली तपकिरी थर आलाय, बोट फिरवलं की भुकटी लागते. बुरशीनाशक दोनदा फवारलं, फरक शून्य. शिवाय जुन्या पानांच्या कडा करपतात आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रोज बोअरचं पाणी घालते. खारफुटीतलं झाड म्हणून महिन्याला चमचाभर मीठही देते. काय चुकतंय?

नेचेवाला:
फवारणी थांबवा, तो तांबेरा नाही. झाड वयात आलंय इतकंच! या जातीत बीजाणू (नेच्याची रोपं ज्यातून उगवतात ती भुकटी) फक्त शेंड्याकडच्या दलांवर धरतात, आणि ती दलं खालच्यांपेक्षा जरा आखूड असतात. भिंग लावून बघा. घरच्या साध्या नेच्यावर असतात तसे सुटे ठिपके किंवा रेघा दिसणार नाहीत. मधली शीर सोडून सगळी खालची बाजू मखमलीसारखी भरलेली असते. तांबेरा असता तर फोड कुठेही, वेडेवाकडे उठले असते आणि वरच्या बाजूला पिवळे डाग पडले असते. खवले कीड नखाने टवका निघावा तशी सुटते, हा थर तसा सुटत नाही.

खाडीकाठ:
खरा घोळ मीठ आणि बोअरच्या पाण्याचा आहे. हा नेचा खारेपणा सोसतो, पण त्याला तो लागत नाही. खाडीतही तो भरतीच्या वरच्या अंगाला, गोडं पाणी मिसळतं तिथे जास्त माजतो. तिथे ओहोटी आणि पाऊस मीठ धुऊन नेतात. कुंडीतून पाणी उडून जातं, मीठ मात्र साठत राहतं. कडा करपतात त्या यामुळे, आणि वर पश्चिमेचं कोरडं ऊन आहेच.

आधी कुंडी धुऊन काढा: कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट गोडं पाणी हळूहळू ओता आणि खालून पूर्ण वाहू द्या. आठवड्याने पुन्हा एकदा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह मिळत नाही. जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पावसाचं किंवा एसीचं पाणी द्या. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. ईडीडीएचए चिलेटेड लोह (अल्कधर्मी मातीतही मुळांना घेता येतं असं लोहखत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा मातीत. आधी पिवळी झालेली पानं फारशी सुधारत नाहीत, पुढचं पान बघून ठरवा.

नेचेवाला:
कुंडीही लहान पडतेय. जूनमध्ये १८-२० इंचीत हलवा. दोन भाग गाळाची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण पाण्यात बुडालं की सडतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मुळं काळी पडतात. भोकाची कुंडी रुंद टबात ठेवा, पाणी ८-१० सेंटिमीटर. कोवळी गुंडाळलेली पानं निघतात तो गड्डा मातीच्या वरच राहू द्या, पुरला की कुजतो. एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांची शेडनेट लावा. बाकी वर्षभर सकाळचं ऊन हवंच, सावलीत पानं लांबुडकी होऊन लोळतात.

टबात गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांचा कारखाना.

गच्चीवरची_बाग:
मीठ बंद! त्या भुकटीपासून रोपं करता येतील?

नेचेवाला:
येतील. पिकलेल्या दलाचा तुकडा कागदाच्या पाकिटात तीन दिवस ठेवा. कोकोपीटवर उकळतं पाणी ओतून ते गार झालं की वर बीजाणू भुरभुरवा, माती टाकू नका. झाकणाचा पारदर्शक डबा, उजेड भरपूर पण ऊन नाही. काही आठवड्यांनी शेवाळासारखे हिरवे पापुद्रे दिसतील. त्यावर आठवड्यातून दोनदा उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा मारा, फलनाला पाण्याचा पातळ थर लागतोच. पहिली पानं साधी, अखंड असतात. ‘दुसरंच काहीतरी उगवलं’ म्हणून उपटू नका.

खाडीकाठ:
जादा रोपं हवीत म्हणून खाडीवरून मात्र उपटून आणू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित धरलाय, आणि हा नेचा नेमका त्याच काठावर असतो. तसाही मोठा गड्डा मुळं तुटल्यावर क्वचितच लागतो.