मदत हवी आहे: ब्रायटनचा वीकेंड आणि डोंगरावरची छत्री

गोडोलीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधे लेस्टरला मास्टर्स करतोय, सध्या इस्टरच्या सुट्टीत चुलतभावाच्या लग्नाला साताऱ्यात आलोय, रविवारी परत जाणार. मे मधे आम्ही चौघं मित्र शनिवार-रविवार ब्रायटनला जायचं ठरवतोय, समुद्र, पिअर, फिश अँड चिप्स, नेहमीचंच. काल जेवताना सहज ब्रायटनचं नाव काढलं तर आजीचा घास हातातच राहिला, म्हणे तुझे खापरपणजोबा तिथल्याच दवाखान्यात होते. आजी लग्न होऊन आली तेव्हा ते होते, ओसरीवर बसून सांगायचे की जर्मनच्या लढाईत पायाला गोळी लागली आणि बोटीनं नेऊन राजाच्या वाड्यात ठेवलं, भिंतीवर मोठाले नाग काढलेले आणि स्वैपाकाला आपलाच माणूस. घरात सगळ्यांना वाटायचं म्हातारं फेकतंय. मलाही तेच वाटलं, पण रात्री शोधलं तर खरंच की! रॉयल पॅव्हिलियन म्हणजे चौथ्या जॉर्जचा वाडा, बाहेरनं घुमट-मिनार बघून वाटतं दिल्ली-लखनौकडचंच काहीतरी असेल, आणि डिसेंबर १९१४ पासून तिथं हिंदुस्थानी जखमी शिपायांचा दवाखाना होता.

आता आजीचं म्हणणं, तिथं जे वारले त्यांना जिथं अग्नी दिला तिथं जाऊन ये. ती जागा म्हणजे शहराबाहेर डोंगरावर ‘छत्री’ नावाचं स्मारक आहे म्हणे. ग्रुपवर लिहिलं की मला छत्रीला जायचंय तर नागपूरवाला विचारतोय पाऊस आहे का. तर मदत अशी हवीय की तिथं जायचं कसं, त्यात अख्खा दिवस जातो का, आणि खापरपणजोबांचं नाव कुठं सापडेल? आम्हाला एवढंच माहितीय की ते खडकीच्या पलटणीत होते.

पुणेरी_टोमणे:
बीच सोडून पोरांना स्मशानात नेणार, पुढच्या ट्रिपला कोण बोलवणार तुला 😀

लंडनची_मावशी:
त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस रे बाळा. लेस्टरहून गाडी सेंट पँक्रसला येते, तिथूनच खालच्या मजल्यावरून थेम्सलिंक कंपनीची थेट ब्रायटनची गाडी मिळते, दुसऱ्या स्टेशनला पळायची गरज नाही. चौघं आहात तर लंडन ते ब्रायटन ग्रुपसेव्हचं तिकीट बघा, ऑफपीकला एक तृतीयांश सूट असते, मात्र रेलकार्ड (सवलतीचं कार्ड) आणि ते दोन्ही एकदम लागत नाही. पॅव्हिलियन आतून नक्की बघ, तिकीट आहे पण दवाखान्याची माहिती लावलेली खोली आतच आहे. आणि आजीला सांग सासऱ्यांचे वडील खोटं बोलत नव्हते, धर्म-जातीप्रमाणे नऊ वेगवेगळी स्वैपाकघरं होती, पाण्याचे नळसुद्धा हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे.
छत्रीपर्यंत गाडीरस्ता नाही. ब्रायटनच्या कडेला पॅचॅम आहे, तिथपर्यंत बसनं जायचं, मग हायवेवरचा पूल ओलांडून मेंढ्यांच्या कुरणातून चढ. आम्ही गेलो तेव्हा रमतगमत पाऊण तास लागला, म्हणजे अर्धा दिवस पुरे. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, पांढरे स्नीकर्स घालून जाऊ नका. वर पाणी, टॉयलेट, चहा काही नाही. बीचवर वाळू नाही हेही मित्रांना आत्ताच सांगून ठेव, सगळे गोटे आहेत, अनवाणी चालवत नाही.

खडकीकर:
छत्रीपाशी ५३ हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला होता, रक्षा समुद्रात सोडायचे. स्मारकाचं उद्घाटन १९२१ ला झालं आणि नावांची पाटी शेजारी लागली थेट २०१० ला. पण तुमचे खापरपणजोबा बरे होऊन घरी आले ना, मग त्या पाटीवर ते कशाला असतील? सीडब्ल्यूजीसीच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणारी संस्था) साईटवर पण मेलेल्यांचीच नोंद असते. आपल्या मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियात (आताचा इराक), कूट शहराकडे होत्या, त्यामुळे मला आधी तुमची गोष्ट जरा शंकास्पदच वाटली, पण खडकी म्हणालात म्हणजे बाँबे सॅपर्स (पूल-खंदक बांधणारी इंजिनिअर पलटण) असणार, त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ लाच फ्रान्सला गेल्या होत्या आणि तिथल्या न्यूव्ह शापेल गावच्या लढाईत त्यांचं फार नुकसान झालं. तेव्हा जुळतंय. आणखी एक, ब्रायटनमधे हिंदुस्थानी शिपायांसाठी एकच दवाखाना नव्हता, शाळेत पण होता आणि किचनर हॉस्पिटल वेगळं, पण नाग म्हणताय म्हणजे पॅव्हिलियनच.
घरात मेडल आहे का? ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं. भिंगातून बघा.

गोडोलीचा_पोरगा:
खडकीकर काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मेडल शोधायला माळ्यावरच्या दोन ट्रंका उपसल्या, काही नाही, आणि वस्तू सापडली देव्हाऱ्यात!! घोड्यावरचा माणूस बघून कोणीतरी कधीतरी खंडोबाचा टाक म्हणून बसवलेला, इतकी वर्षं रोज हळद लागतेय. आई म्हणाली मला पहिल्यापासून शंका होती, याच्या अंगावर कपडे नाहीत आणि शेजारी म्हाळसा पण नाही. कडेला हळद-कुंकवाचा थर बसलेला, चिंच लावून जुन्या ब्रशनं घासला तर नंबर निघाला, नाव निघालं (स्पेलिंग भलतंच, पण तेच) आणि शेवटी एस अँड एम. म्हणजे सॅपर्स अँड मायनर्सच ना? आजी दुपारभर ते हातात घेऊन बसलीय, आणि परत देव्हाऱ्यातच ठेवायचं म्हणतेय, कोणी काही बोलायचं नाही.

मेडलचा फोटो ग्रुपवर टाकला तर नागपूरवाला म्हणतोय मी पण येतो छत्रीला, बाकीचे दोघं पिअरवर थांबतील. आजीनं उदबत्तीचा पुडा बॅगेत घातलाय. मावशी, तिथं गवतात उदबत्ती लावली तर चालते का कोणी ओरडतं? आणि रविवारी पॅचॅमच्या बस कमी असतात का, एवढं सांगा, म्हणजे शनिवारीच वर जाऊन येतो.