चिनी नववर्ष हवंच, पण लग्न आणि मूलही वर्ष बघून?

मुक्ता_ठाणे
चिनी नववर्षाच्या रीती मला मनापासून आवडतात. वर्ष सरायच्या आठवडाभर आधी चुलीच्या देवाला निरोप द्यायचा, त्यानं वर जाऊन घरातल्या चुगल्या करू नयेत म्हणून ओठांना चिकट गोड लावायचं, आदल्या रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं, पहिल्या दिवशी केर काढायचा नाही. त्या एका जेवणासाठी कोट्यवधी कामगार गावी परततात. युनेस्कोनं २०२४मध्ये हा सण वारशाच्या यादीत घेतला, ते योग्यच झालं.

माझा आक्षेप बारा प्राण्यांच्या चक्राला, म्हणजे दर वर्षाला एकेका प्राण्याचं नाव देण्याला, आणि त्याभोवतीच्या शुभाशुभाला आहे. लिचुन, म्हणजे वसंतारंभाचा दिवस, ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. ड्रॅगनचं वर्ष १० फेब्रुवारी २०२४ला लागलं आणि २८ जानेवारी २०२५ला संपलं, म्हणजे त्यात लिचुन आलाच नाही. अशा वर्षाला 'विधवा वर्ष' म्हणतात, लग्नाला अशुभ. २०२४मध्ये चीनमधल्या लग्नाच्या नोंदी ७६.८ लाखांवरून ६१ लाखांवर आल्या. जन्म मात्र ९०.२ लाखांवरून ९५.४ लाखांवर गेले, कारण ड्रॅगनचं मूल भाग्यवान! आयुष्यातले एवढे मोठे निर्णय पंचांगानं ठरवावेत, हे मला मान्य नाही.

गोदाकाठ
मुक्ताताई, आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. कोविडमुळे रखडलेली लग्नं २०२३मध्ये लागली, म्हणून तो आकडा फुगला होता. २०१३मध्ये चीनमध्ये सुमारे १.३५ कोटी लग्नं झाली होती. तेव्हापासूनची घसरण कुठल्या प्राण्यामुळे? एक-मूल धोरणानंतर तरुणच कमी उरलेत, शहरात घर परवडत नाही. आणि २०२३मध्ये ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यातल्या अनेकांना २०२४मध्ये मूल होणारच होतं.

शिवाय रीत ठेवा आणि श्रद्धा टाका, असं होत नाही. आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं आणि ते जड जातं असं मानतात, म्हणून घरचे लाल पट्टा, लाल अंतर्वस्त्रं आणून देतात. नववर्षाला पैशांचं लाल पाकीट देणारे हातही तेच. आपल्याकडे सिंहस्थात लग्न टाळणारी घरं आहेतच की. तारीख पुढे जाते, कुणी बिनलग्नाचं राहत नाही.

सिंगापूरवासी
इथे नववर्षात कुणाकडे गेलं की हातात दोन संत्री नेतात, ती रीत आता आमच्याही घरात रुळली आहे. पण मी मुक्ताताईंच्या बाजूनं. वाघाच्या वर्षातली मुलगी तापट, नवऱ्याला जड, असं मानणारी माणसं आहेत. काही ठिकाणी तिला नवरीच्या खोलीतही येऊ देत नाहीत. गोदाकाठ, इथे तारीख पुढे जात नाही हो, जन्मवर्ष आयुष्यभर चिकटतं.

मुक्ता_ठाणे
हेच म्हणायचं होतं! तैवान बघा. वाघाच्या २०१०मध्ये जन्म १.६७ लाख, ड्रॅगनच्या २०१२मध्ये २.२९ लाख. ज्या वर्षी मुलं एकदम वाढतात, त्या वर्षीच्या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत गर्दीतच ढकललं जातं. यात भाग्य कुठलं?

गोदाकाठ
वाघाच्या मुलींबाबत तुम्हा दोघींचं म्हणणं मान्य, ते अन्यायकारकच आहे. तैवानमध्ये मात्र २००९ची मंदीही धरा. आणि चीनच्या लग्नांवर मी ठाम आहे. सापाच्या वर्षात, २९ जानेवारी २०२५ ते १६ फेब्रुवारी २०२६ या काळात, दोन लिचुन आले, लग्नाला दुप्पट शुभ. २०२५च्या पहिल्या नऊ महिन्यांत नोंदी ५१.५ लाख, आदल्या वर्षीपेक्षा चार लाखांनी जास्त. पण त्याच वर्षी १० मेपासून जोडप्यांना देशात कुठेही लग्न नोंदवायची मुभा मिळाली. यातले किती सापामुळे आणि किती नव्या नियमामुळे, ते वेगळं काढून दाखवा.