काळा नायक 'घुसवलेला' म्हणता, मग मलिक अंबर कोण होता?

गोदाकाठ :
काल इथं एका दादांनी लिहिलं की परदेशी फँटसी मालिकांत कृष्णवर्णीय एल्फ (परीकथांतले टोकदार कानांचे लोक) 'घुसवतात', त्यानं मजा जाते आणि हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण मराठवाड्यात आणायचं कारण नाही. डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

दादा छत्रपती संभाजीनगरचे. ते शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं कुणी? इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आणलेल्या मलिक अंबरनं. हा हबशी माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. जहांगीरला तो हाती लागेना, तेव्हा त्यानं अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी वारला, कबर खुलताबादला आहे. कादंबरीत असा नायक आला असता तर तुम्ही त्यालाही घुसवलेलाच म्हणाला असता.

'वाचकाला पटत नाही' ही सबबही जुनी. सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची 'नोव्हा' ही विज्ञान कादंबरी कॅम्पबेल या नामांकित संपादकानं मासिकात क्रमशः छापायला नकार दिला. नायक काळा, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही, असं कारण मिळाल्याचं डिलेनींनीच सांगितलंय.

खडकपूर्णा :
ती पोस्ट माझीच. ताई, मलिक अंबर खरा होता, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार आहे? माझं म्हणणं एवढंच की लेखकानं जे जग उभं केलं ते तसंच दाखवा. उद्या पडद्यावर विठोबा गोरापान दाखवला तर तुम्हाला चालेल?

गोदाकाठ :
नाही चालणार. आणि तसंच घडलंय. अमेरिकन लेखिका ले ग्विन यांनी १९६८ मध्ये 'अर्थसी' या फँटसी कादंबऱ्यांचा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा लिहिला. २००४ च्या टीव्ही मालिकेत तो गोरा झाला, बाईंनी जाहीर निषेध केला. मूळ लेखनाची काळजी करणारे तेव्हा बहुतेक गप्प होते.

बालाघाट_बीड :
अमेरिका ऱ्हाऊ द्या. मराठी विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ कुठला असतो? पुण्याचा, नाहीतर मुंबईचा. आमच्याकडचा माणूस आलाच तर दुष्काळ दाखवायला.

मह्या भाच्यानं गोष्ट लिहिली. मंगळावर खाणकामाला टोळ्या जातात. मुकादम पृथ्वीवरच उचल, म्हंजी आगाऊ पैसे, देतो, ती फिटेपर्यंत परतीचं यान नाही. नायिका ऊसतोड मजुराची पोर, हिशेबाची वही चोरून वाचती. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी काय कळवावं? 'कल्पना चांगली, पण उचल-मुकादम शहरी वाचकाला कळत नाही, नायक पुण्याचा संशोधक करा.' सांगा, त्या कॅम्पबेलात आन् यांच्यात काय फरक?

जालना_ते_पुणे :
फार फरक आहे. एक वंशाचा प्रश्न, दुसरा संपादकाचा सल्ला. नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. नाव कुणी पाहिलं नाही, गोष्ट पाहिली. माझ्याही दोन कथा साभार परत आल्यात. म्हणून मी जिल्ह्याच्या नावानं रडलो नाही.

बालाघाट_बीड :
रडलो? शब्द जपून वापरा. जगताप हे लेखकाचं नाव होतं, मी पात्राचं बोलतोय. हॉस्टेलला पहिल्याच रात्री रूममेटनं मला विचारलं, 'तुमच्याकडं रोज आंघोळ करता येते का?' पोरगं वाईट नव्हतं. त्यानं वाचलेल्या प्रत्येक गोष्टीत मराठवाडा म्हणजे टँकर. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या बातम्या झाल्या. पण पन्नास वर्षांनंतरच्या लातूरची गोष्ट कुणी लिहिली का?

जालना_ते_पुणे :
कुणी अडवलंय? लिहा ना. सगळा दोष पुण्यावर टाकायची सवय सोडा.

मांजराकाठ :
अडवलं ते वर सांगितलंय, नीट वाचा. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकाबाईंना २०१६, १७, १८ असा सलग तीनदा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार, मिळाला. तोच वाचक होता ना, ज्याला काळा नायक पटणार नव्हता? आधी छापा, मग वाचकाचं नाव पुढं करा.

आणि दादा, दोन्हीकडं नकाराचं कारण एकच, 'आमच्या वाचकाला तो आपला वाटणार नाही'. मग फरक कुठं राहिला?

खडकपूर्णा :
माझी पोस्ट एल्फवर होती, तुम्ही ती बीडला नेली. ठीक. 'अर्थसी'चं मला माहीत नव्हतं. ते चुकीचंच झालं आणि तोच नियम दोन्हीकडं लावायचा तर मालिकेतल्या एल्फबद्दल माझं मत कायम आहे. पण ती मंगळावरची उचल मला कळली. आमच्या गावातून दरवर्षी टोळ्या जातात. भाच्याला म्हणावं, बदल न करता इथं टाक, मी वाचतो. यानाचं गणित चुकलं असेल तर मात्र तेही लिहीन.

बालाघाट_बीड :
गणितात तो पक्का आहे. रविवारी टाकायला सांगतो. पुणेकर दादांनीबी वाचावी.