पावडर पिवळी झाली, पण नायट्रोजन आत गेलाय का?

कलिनाकर:
एमएस्सीचा प्रोजेक्ट, नायट्रोजन-डोप्ड (थोडा नायट्रोजन आत घातलेला) टायटॅनियम डायऑक्साइड, जो दिसणाऱ्या प्रकाशातही विघटन करायला हवा. टीटीआयपी (टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड), आयसोप्रोपॅनॉल, युरिया, सोल-जेल (द्रावणातून जेल) करून 450 अंशांना मफल भट्टीत. दोन भानगडी आहेत. या पावसात बाटली उघडली की टीटीआयपी गढूळ होतं, गुठळ्या धरतं. दुसरं, पावडर मस्त पिवळी आलीय, हॅलोजन दिव्याखाली मिथिलीन ब्लू हा रंगही उडतो, तरी गाइड विचारतात, "व्हिजिबलमध्येच चालतंय कशावरून?"

भांडुपवाला:
जुलैत हवेतलं पाणीच त्याला पुरतं. सेप्टम (रबरी बूच) लावून सिरिंजने काढ. आधी ॲसेटिक ॲसिड घाल, ते टायटॅनियमला धरून बसतं. पाणी शेवटी, आयसोप्रोपॅनॉलमध्ये मिसळून थेंबथेंब.

मुलुंडची मावशी:
गाइडचं बरोबर आहे रे. रंगावर भाळू नकोस. युरिया तापून मेलॉनसारखे (कार्बन-नायट्रोजनचे) पदार्थ होतात, तेही पिवळेच. झाकण लावून नुसता युरिया त्याच तापमानाला ठेव आणि क्रुसिबलच्या तळाशी काय उरतं ते बघ. युरियाशिवायची बॅचही हवीच.

मग डीआरएस (पावडर कुठला प्रकाश शोषते त्याचा आलेख) काढ. साध्या अनाटेजचा (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) बँड गॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 387 नॅनोमीटरच्या पुढे तो जवळपास काही शोषत नाही. तुझ्यात 400 ते 500 मध्ये खांदा दिसायला हवा. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरण टाकून अणू ओळखायची चाचणी) 396 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचं शिखर ऑक्सिजनच्या जागी बसलेल्या नायट्रोजनचं धरतात. 2001 मध्ये आसाही आणि सहकाऱ्यांनी व्हिजिबलमधल्या कामाचं श्रेय त्यालाच दिलं, त्यावर पुढे बरेच वाद झाले. नुसतं 400 चं शिखर दाखवून मात्र कुणी ऐकणार नाही, चिकटून राहिलेलं काहीही तिथे येतं.

खरी गोम मिथिलीन ब्लूत आहे. तो स्वतःच 664 नॅनोमीटरला प्रकाश पितो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियाला (टायटॅनियम डायऑक्साइडला) देतो, त्यामुळे डोपिंग नसलं तरी उडतो. फिनॉल घे, त्याला रंगच नाही. जपून हाताळ, कातडी भाजते. विघटनातले मधले पदार्थही फिनॉलच्या जवळपासच शोषतात, म्हणून एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) मिळाली तर उत्तम. दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळ, नाहीतर नुसतं चिकटणंही तू विघटनात मोजशील.

आणि तो हॅलोजन! त्यात थोडं यूव्ही असतंच. लोहार चाळीत (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) 450 नॅनोमीटरच्या निळ्या एलईडी शोध.

कलिनाकर:
मावशी, एलईडीला बजेट मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर सोडियम नायट्राइटच्या द्रावणाचं जॅकेट चालेल का?

मुलुंडची मावशी:
चालेल, 400 नॅनोमीटरच्या खालचं कापतं. फक्त गळत नाही ना ते बघ. नायट्राइट बीकरमध्ये उतरलं तर फिनॉलशी त्याचा वेगळाच संसार सुरू होईल.