मदत हवी आहे: आर्सेनलचा १८८८चा बिल्ला भरून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. लंडनमधल्या वूलिचच्या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी १८८६ साली उभा केलेला फुटबॉल संघ म्हणजे आर्सेनल. त्यांचा १८८८चा पहिला बिल्ला भाच्याच्या जॅकेटवर भरून घ्यायचाय. १९२२पासूनची एकच आडवी तोफ नको, वूलिचच्या मानचिन्हावरून घेतलेल्या तीन उभ्या तोफाच हव्यात. लांबून त्या धुराडी वाटतात, पण प्रत्येकीवर सिंहाचं तोंड कोरलंय. माझ्याकडच्या चित्रात नेमकं तेच पुसट आहे आणि भरतकामवाले काका म्हणतात, "तिथं साधी रेघ मारू का?" अजिबात नाही! सिंहच गेला तर उरलं काय?

लंडनमधल्या कुणाकडे या बिल्ल्याचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो आहे का? आणि पुण्यात इतकं बारीक हातकाम कोण करतं?