मदत हवी आहे: धाकट्या भावाला नेमकं कोणाकडे न्यावं? (भांडुप)

भाऊ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंगाने सडसडीत, तब्येत ठणठणीत. पण आपण किडकिडीत आहोत हे त्याच्या डोक्यातून जातच नाही. मे महिन्याच्या घामातसुद्धा दंड जाड दिसावेत म्हणून शर्टाच्या आत दोन टी-शर्ट घालतो. सकाळ-संध्याकाळ जिम, पावडरचे डबे, आणि दिसेल त्या काचेत दंड बघणं. गावच्या गणपतीत सोवळं नेसून उघड्या अंगाने आरतीला उभं राहावं लागतं, म्हणून यंदा आलाच नाही. मामा त्याला लहानपणापासून काडी पैलवान म्हणतो.

आई म्हणते वय आहे. बाबांच्या मते आरशाचे नाद मुलींना असतात! मी वाचलं त्यावरून हा मसल डिसमॉर्फिया (आपलं अंग किडकिडीतच आहे असं सतत वाटण्याचा मानसिक आजार) वाटतो. "छान दिसतोस" म्हटलं की उलट भडकतो. समुपदेशक गाठू की सरळ सायकियाट्रिस्ट? खासगीतली दर आठवड्याची फी झेपणार नाही.

प्रतिसाद १:
आधी सायकियाट्रिस्टकडून निदान करून घ्या. हे दुखणं ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत, त्या आजाराच्या) कुळातलं आहे, नुसत्या धीराच्या गप्पांनी हटत नाही. सायन, केईएम, नायर, पालिकेच्या या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. यावर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) चालते: आरसा बघणं हळूहळू कमी करायचं, एक टी-शर्ट कमी घालून बाहेर पडायचं, आणि वाटणारी भीती खरी ठरते का ते स्वतःच तपासायचं. गरज पडली तर एसएसआरआय गटातली (नैराश्य, चिंता यांवरही देतात ती) गोळी देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलात तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा. काउन्सेलरची पाटी काय, कुणीही लावतं.

प्रतिसाद २:
दंडांवरून वाद घालू नका, त्यात तोच जिंकणार. झोप, अभ्यास, हुकलेला गणपती यावर बोला. त्रास होतोय हे त्यालाही मान्य असेल. जिममध्ये कुणी स्टेरॉइडची इंजेक्शनं देत नाही ना, हे न रागावता विचारा आणि डॉक्टरांना सांगा. जगणं नकोसं झाल्याचं बोलला तर मात्र थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती:
आभार. इंजेक्शनचं डोक्यातच आलं नव्हतं, आज विचारते. भांडुपहून सायनच सोयीचं. तिथे केसपेपरची रांग सकाळी किती वाजता लागते?