सोरायसिस: मेथोट्रेक्सेटला एवढं घाबरायचं कशाला?

कृष्णाकाठ: मला सोरायसिस 11 वर्षं. कोपरं, गुडघे, डोकं, सगळीकडे चट्टे, सकाळी उठलं की चादरीवर पापुद्र्यांचा सडा, काळा शर्ट तर कधीच सोडला. 4 वर्षं मेथोट्रेक्सेटच्या गोळीवर आहे. आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी फोलिक ॲसिड, आणि दर 3 महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरचं रक्त तपासायचं. आता कोपरावर रुपयाएवढा डाग उरलाय. पण घरच्यांना कळलं ही कॅन्सरचीपण गोळी आहे, झालं, बंद कर म्हणून मागे लागले. अहो, कॅन्सरला डोस कितीतरी मोठा असतो! अंगभर पसरलं असेल तर नुसती मलमं चोळत वर्षं घालवू नका, एवढंच म्हणतो.

रमाताई: मला नाही पटत. गोळी थांबली की परत येतंच ना, मग बरं कसलं झालं? माझ्या धाकट्या जावेनं वैद्यांकडे विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करण्याचा उपचार, केलं, दही, लोणचं, जागरण सगळं बंद, 2 वर्षं शांत आहे. आणि तिला मूल हवं होतं, त्यात ही गोळी चालतच नाही असं स्किनच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं.

साताऱ्याची लेक: जावेचं ऐकून खरंच बरं वाटलं. पण आमच्या वडिलांना एकानं बिननावाच्या पुड्या दिल्या, मधातून घ्यायच्या, 15 दिवसांत कातडी लख्ख. पुड्या संपल्या आणि आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, अंगाची आग आणि तरी दोन गोधड्यांत कुडकुडत होते. ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टेरॉइड असणार, ते पोटातून एकदम थांबलं की सोरायसिस असा उसळतो.

रमाताई: भोंदू आणि शिकलेला वैद्य एका तागडीत नका तोलू हो.

साताऱ्याची लेक: नाही तोलत. पण औषधाचं नाव कागदावर लिहून देत नसेल तर तिथून उठून यायचं.

कोथरूडकर: सोरायसिस सांध्यांनाही धरतो, त्याचं कोणीच बोलत नाहीये. माझी बोटं इतकी सुजायची की पोळी लाटता येत नव्हती, गोळीनं फार फरक नाही पडला. मग टीबीची तपासणी करून सेक्युकिनुमॅबची (प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणारं औषध) इंजेक्शनं, आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. आता लाटते. ही सुरुवातीलाच द्यायला हवीत, सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही.

कृष्णाकाठ: सांधे धरले असतील तर पटतं. पण माझ्या महिन्याच्या गोळ्या शंभरात येतात, ती इंजेक्शनं हजारोंची, शेतीवाल्यानं कुठून आणायचे? रमाताई, मुलाचं म्हणता ते एकदम बरोबर, त्या काळात नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, लाइट कातडीवर देतात, जावेला परत उठलं तर विचारा. आणि ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. शेजारच्या काकांनी 5 दिवस रोज घेतली, तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळता येईना. तेव्हापासून मी स्ट्रिपवर पेनानं मोठ्ठं "शनि" लिहून ठेवतो.